चौथीच्या वर्गात ऐकू यावे म्हणून : प्रकल्प नोंदी, इंदूर, जून ते डिसेंबर २०२५

१६ जून

आज शाळा उघडली. इंदूरच्या जुन्या भागात, राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर असलेल्या आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत मी चौथीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात ३४ मुले आहेत. त्यांपैकी एक ९ वर्षांची मुलगी दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावते. तिसरीतही ती माझ्याच वर्गात होती आणि तिच्या प्रगतिपुस्तकातला ‘वर्गात लक्ष नसते’ हा शेरा माझ्याच हस्ताक्षरातला आहे. मे महिन्यात तिची आजी बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, “बाई, घरी शेजारी बसवून गोष्ट वाचली तर ती सगळी परत सांगते हो. शाळेतच काय होतं कळत नाही.” हे ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही. या वर्षी मी तिच्यात काय कमी आहे ते शोधणार नसून वर्गात काय कमी आहे ते शोधणार आहे. ज्यांच्या वर्गात असे मूल आहे त्यांना माझा वाया गेलेला वेळ आणि पैसा वाचवता यावा, म्हणून तारीखवार लिहीत आहे.

१९ जून

शाळा सुटल्यावर तिच्या वडिलांना थांबवून घेतले आणि एक साधी चाचणी केली. तिला नेहमी येणाऱ्या २० हिंदी शब्दांच्या तीन याद्या केल्या. मी शब्द उच्चारायचा आणि तिने तो तोंडाने परत म्हणायचा, असे ठरवले. लिहायला सांगितले असते तर शुद्धलेखनाच्या चुका आणि ऐकण्याच्या चुका एकमेकींत मिसळल्या असत्या. ओठ झाकण्यासाठी आधी वही धरली होती, पण जाड कागदाने आवाजच अडतो, म्हणून भरतकामाच्या रिंगवर पातळ मलमल ताणून ती तोंडासमोर धरली.

एक मीटरवरून, पंखे बंद असताना, तिने २० पैकी १७ शब्द बरोबर सांगितले. चार मीटरवरून, पंखे बंद असताना, १२. चार मीटरवरून, दोन्ही पंखे चालू आणि रस्त्याकडची खिडकी उघडी असताना, म्हणजे रोजच्या वर्गात असते त्या स्थितीत, ६.

तिचे वडील बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडून जुने प्रगतिपुस्तक मागून घेतले, तो शेरा खोडला आणि त्याखाली आजची तारीख घालून हे तीन आकडे लिहिले.

२३ जून

तिच्या वडिलांबरोबर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे गेले. उजव्या कानाची हानी ६२ डेसिबल, डाव्याची ६८. दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांची ६० ते ७० डेसिबल हानी ‘ऐकण्यास जड’ या गटात मोडते. ऑडिओलॉजिस्टने सांगितलेली कामाची गोष्ट ही, की श्रवणयंत्र साधारण एक ते दोन मीटरच्या आतले बोलणे चांगले पोहोचवते. त्यापलीकडे ते शिक्षकाच्या आवाजाबरोबर पंखा, बाक, शेजारची कुजबुज आणि रस्ता हे सगळेच वाढवून देते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत त्यात प्रतिध्वनीची भर पडते आणि एका शब्दाचे शेपूट पुढच्या शब्दावर पडते.

शाळेच्या रिकाम्या वर्गात पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असे अमेरिकेचे मानक आहे. पंखे लावून आमचा रिकामा वर्ग मोजला तेव्हा मोबाइलमधल्या ॲपने ५८ दाखवले. अशा ॲपचा आकडा प्रमाण मानता येत नाही, परंतु तोच फोन त्याच बाकावर ठेवून आधीचे आणि नंतरचे मोजमाप ताडून पाहायला तो पुरतो.

२८ जून

जागा बदलण्यात माझी पहिली चूक झाली. मी तिला पहिल्या बाकावर, अगदी फळ्यासमोर बसवले. सगळीकडे हेच केले जाते. चार दिवसांत लक्षात आले की मागून कोणी उत्तर दिले की ती वळून बोलणारे तोंड शोधते, आणि ते सापडेपर्यंत उत्तर संपलेले असते. शिवाय मी चालत बाजूला गेले की माझे ओठ तिला दिसत नाहीत.

आता ती दुसऱ्या ओळीत, वर्गाच्या डाव्या कडेला, बाक किंचित तिरपे करून बसते. तिचा उजवा कान बरा आहे, आणि या जागेवरून तो वर्गाकडे राहतो. मी खिडकीला पाठ करून उभी राहते तेव्हा माझा चेहरा काळा दिसतो, हे तिनेच सांगितले. दोन वर्षांत मला कधी सुचले नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते. फळ्यावर लिहिताना बोलायचे नाही, हा नियमही आजपासून पाळायचा आहे. हे सर्वांत अवघड जात आहे. आज एका तासात ११ वेळा मोडला. तिच्या शेजारच्या मुलाने मोजले.

२ जुलै

आमची खोली रस्त्यावर आहे. सकाळी कचरागाडी गाणे वाजवत येते आणि गल्लीच्या तोंडाशी थांबते. नेमका तोच श्रुतलेखनाचा वेळ असतो. श्रुतलेखन दुसऱ्या तासाला हलवले, पैसा लागला नाही. आतल्या चौकाकडची खोली चौथीला मिळावी असा अर्ज दिला. ती खोली पाचवीची आहे, मध्य प्रदेशात पाचवीची परीक्षा बोर्डाच्या पद्धतीने होते, त्यामुळे शांत खोली त्यांनाच हवी, असे कारण सांगून अर्ज परत आला. कारण खोटे नव्हते. तरी मी तेव्हाच जोर धरायला हवा होता. पुढच्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावे.

५ जुलै

थर्माकोलवर ८४० रुपये वाया गेले. मागची भिंत थर्माकोलच्या जाड पाट्यांनी मढवली, कारण ‘आवाज खाते’ असे दोघांनी सांगितले होते. टाळी वाजवून पाहिली, तर घुमणे आधीइतकेच. थर्माकोलच्या कणांत हवा बंदिस्त असते. आवाज आत शिरून विरावा अशी वाटच त्यात नसते, म्हणून तो परततो. शिवाय ते पटकन पेट घेते, तेव्हा मुलांच्या खोलीत ते लावणेच चूक होते. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्लाही मिळाला आहे. तो मी घेणार नाही.

१२ जुलै

लोखंडी बाके कोटा स्टोनवर सरकली की होणारा कर्कश आवाज श्रवणयंत्रात कसा लागतो, हे पाहायला मी तिच्या यंत्राला ऑडिओलॉजिस्टची ऐकायची नळी जोडून स्वतः ऐकले. कान झटकन दूर न्यावा लागला.

१७ बाके, ६८ पाय. काठीला बसवतात तसले गोल रबरी बूट ६८ नग, ४०८ रुपये. बाकांचे पाय चौकोनी पाइपचे आहेत, हे मोजमाप न घेतल्याने माझ्या ध्यानात आले नाही. ओढूनताणून बसवलेले बूट तीन दिवसांत फाटले. मग सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली, ती आठ दिवसांत झिजली. शेवटी महाराणी रोडवर एक इंचाच्या चौकोनी पाइपला बाहेरून बसणारे रबरी बूट मिळाले, ६१२ रुपये. प्लास्टिकची टोपणेही मिळतात, पण ती पाइपच्या आत बसतात आणि फरशीवर तितकीच ओरडतात. रबरच मागून घ्यावे.

२१ जुलै

दोन्ही पंखे उतरवून बेअरिंग बदलले आणि पाती समतोल करून घेतली, ६५० रुपये. त्याच बाकावर त्याच फोनने ५८ ऐवजी ५२ दाखवले. आजवरच्या खर्चात याइतके फळ कशाचेच मिळाले नाही, आणि हे मी पहिल्या आठवड्यात करू शकले असते.

पावसाळ्यामुळे दुसरी अडचण आली. सकाळी शाळा सुरू होताच ओठ झाकून मी तिच्यासमोर सहा ध्वनी म्हणते, ‘आ, ई, ऊ, म, श, स’, आणि तिने ते परत म्हणायचे असतात. ही श्रवणबाधित मुलांच्या बोलण्याचे अभ्यासक डॅनियल लिंग यांची तपासणी एका मिनिटात होते आणि खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे बोलणे पोहोचते की नाही ते कळते. गुरुवारी तिला ‘श’ आणि ‘स’ दोन्ही आले नाहीत, बाकीचे आले. कानातल्या साच्याच्या नळीत पाण्याचा थेंब अडकला होता. तपासणी नसती तर दिवसभर ‘सात’ आणि ‘आठ’ यांत तिचा गोंधळ झाला असता आणि तो मी गणिताची चूक समजून लाल शाईने खुणावला असता. आता रात्री बॅटरी काढून यंत्रे सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत राहतात, नळी फुंकण्याचा रबरी फुगा दप्तरात असतो, आणि नव्या बॅटरीचे चिकट कागद काढल्यावर ती एक मिनिट हवेत ठेवून मगच बसवायची, हे आजी शिकल्या आहेत.

३ ऑगस्ट

रविवार. भिंतीचे काम पुन्हा, या वेळी नीट. एसीच्या डक्टचे काम करणाऱ्या ठेकेदाराकडून ५० मिलिमीटर जाडीच्या रॉकवूलच्या, म्हणजे दगडापासून काढलेल्या तंतूंच्या पाट्या घेतल्या, २,४०० रुपये. सुताराने लाकडी चौकटी केल्या, २,८०० रुपये. एम. टी. क्लॉथ मार्केटमधून विरळ विणीचे सुती कापड आणले, १,१०० रुपये. कापडातून फुंकर पलीकडे जाते का ते दुकानातच पाहिले. फुंकर अडली तर आवाजही अडतो. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क हवेतच, आणि कापड आतून दुहेरी घ्यावे, म्हणजे तंतू बाहेर येत नाहीत.

चौकटी मागच्या भिंतीवर आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर, मुलांच्या डोक्याच्या उंचीपासून वर, भिंतीपासून दोन बोटे अंतर सोडून टांगल्या. फळ्याकडची भिंत आणि पुढचे छत उघडेच ठेवले, कारण तिथून परतणारा माझा आवाज मागच्या मुलांना उपयोगी पडतो. टाळीचे शेपूट स्पष्ट कमी झाले. सुतार स्वतःच दोनदा टाळी वाजवून, दोनदा मागे वळून पाहून गेला.

११ ऑगस्ट

गळ्यातला माइक आणि छोटा स्पीकर, १,३५० रुपये. चाळीस मिनिटांत निर्णय झाला की हे नको. स्पीकर समोर ठेवला तर माझा आवाज मोठा झाला, पण खोलीतले घुमणेही त्याच्याबरोबर वाढले. तिच्याजवळ ठेवला तर शेजारच्या मुलांना त्रास झाला आणि सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले. तिने मान खाली घातली. मी लगेच बंद केला.

२० ऑगस्ट

श्रवणयंत्रासाठी बनवलेल्या डिजिटल माइकची किंमत शाळेच्या आवाक्याबाहेर होती. तिच्या यंत्रांत टेलिकॉइल, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातून आवाज पकडणारी तारेची बारीक गुंडाळी आहे. त्यामुळे तिच्या गळ्यात नेक लूप, म्हणजे असे क्षेत्र तयार करणारी तारेची माळ घालून त्याला वायरलेस माइकचा रिसीव्हर जोडला, तर माझा आवाज थेट यंत्रात जातो. ऑडिओलॉजिस्टने टेलिकॉइलचा कार्यक्रम चालू करून दिला. नेक लूपला २,७०० रुपये लागले, ते तिच्या वडिलांनी दिले.

माइक घेताना मात्र मी पुन्हा चुकले. ब्लूटूथचा घेतला, १,८०० रुपये. आवाज स्वच्छ येत होता, तरी तिने अर्ध्या तासात लूप काढून ठेवला. खूप विचारल्यावर म्हणाली, “मॅडम, तुमचं तोंड आधी बोलतं आणि आवाज मागून येतो.” ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो. तुम्हा-आम्हाला तो उशीर जाणवत नाही. जी मुलगी ओठ आणि आवाज जुळवून शब्द ओळखते, आणि जिला ओठांवर ‘प’, ‘ब’, ‘म’ सारखेच दिसत असल्याने आवाजाचीच मदत लागते, तिची ती जुळणीच त्याने मोडली.

९ सप्टेंबर

गणेशोत्सवाच्या गडबडीत काम थांबले होते. आता ब्लूटूथ नसलेला २.४ गिगाहर्ट्झचा वायरलेस माइक आणला, २,९०० रुपये. ओठ आणि आवाज जुळले. पण तिला सतत गुणगुण ऐकू येऊ लागली. दोन दिवस मी माइक, वायर, चार्जिंग तपासत बसले. दोष तिच्या बाकामागच्या स्विचबोर्डात होता. टेलिकॉइल चुंबकीय क्षेत्र पकडते, त्यामुळे विजेच्या तारांची आणि पंख्याच्या रेग्युलेटरची गुणगुण त्यात उतरते. बाक पाच फूट पुढे घेतला आणि ती थांबली.

पहिल्या दिवशी यंत्र नुसत्या ‘टी’वर, म्हणजे फक्त टेलिकॉइलवर होते. तिला फक्त मी ऐकू येत होते, मैत्रीण नाही. ‘एमटी’, म्हणजे यंत्राचा स्वतःचा माइक आणि टेलिकॉइल दोन्ही चालू, असे करून घेतल्यावर ती मधल्या सुट्टीत हसताना दिसली.

१६ सप्टेंबर

हे लिहायला जड जात आहे. काल मधल्या सुट्टीत मी माइक बंद न करता शिक्षककक्षात गेले. तो वर्गाला लागूनच आहे. तिथे एका सहकारी शिक्षिकेने विचारले की एका मुलीपायी इतके कशाला करता, आणि मी उत्तरादाखल म्हणाले की खरेच थकायला होते. आज सकाळी सहा ध्वनी झाल्यावर ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही थकला असाल तर आज माइक नको.”

मी तिची माफी मागितली. थकवा वर्गाच्या दुरुस्तीचा आहे, तुझा नाही, असे सांगितले. ते तिला कितपत पटले ते मला सांगता येणार नाही. माइकच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावली आहे, वर्गाच्या दाराशीही लावली आहे, आणि बाहेर पडताना माइक टेबलावर काढून ठेवायचा, खिशात न्यायचा नाही, असे ठरवले आहे. जो कोणी असा माइक वापरेल त्याने हे पहिल्याच दिवशी करावे.

२४ सप्टेंबर

खोली मिळाली. ऑगस्टमध्ये दिलेल्या दुसऱ्या अर्जात मी १९ जूनचे तीन आकडे आणि २०१६ च्या अधिनियमाचे कलम १६ घातले होते. मान्यताप्राप्त शाळांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, असे त्यात आहे. पण दार उघडले ते पाचवीच्या वर्गशिक्षिकेने. माझ्या वर्गात एक तास बसून, कानात कापूस घालून श्रुतलेखन घेऊन पाहिल्यावर त्या स्वतः मुख्याध्यापकांकडे गेल्या. पुढच्या जूनमध्ये ही मुलगी त्यांच्याकडे जाणार आहे, आणि खोलीही तेव्हा तिच्याबरोबर त्यांची होईल.

चौकाकडच्या खोलीत पंखे लावून फोनने ४५ दाखवले. रस्त्याच्या खोलीत दोन महिने घालवून जे झाले त्याहून जास्त एका दिवसात झाले. चौकटी खुंट्यांवर टांगलेल्या होत्या म्हणून सहज हलल्या. दोन मी हौसेने चिकटवल्या होत्या, त्या काढताना फाटल्या. आधी खोली, मग पंखे, मग बाकांचे पाय, त्यानंतर भिंती आणि शेवटी माइक, या क्रमाने मी पुन्हा सुरुवात करीन.

८ ऑक्टोबर

नव्या याद्या, ओठ झाकायला तीच मलमलीची रिंग, चार मीटर, पंखे चालू. माइकशिवाय २० पैकी ११. माइक लावून १७. जूनमध्ये हाच आकडा ६ होता, आणि १७ ही संख्या तिने तेव्हा फक्त माझ्या शेजारी बसून गाठली होती.

एकूण खर्च १७,५६० रुपये. त्यात थर्माकोल, गोल बूट, स्पीकर आणि ब्लूटूथ माइक मिळून ४,३९८ रुपये वाया गेले. शाळेने ९,००० रुपये दिले, नेक लूपचे पैसे वडिलांचे, उरलेले माझे.

माइक आता हातोहात फिरतो. उत्तर देणाऱ्याच्या हातात तो गेला पाहिजे, म्हणजे तिला उत्तरही ऐकू येते. पहिला आठवडा त्यात फुंकर मारण्यातच गेला. नंतर मुलांनी आपणच नियम केला की माइक ज्याच्याकडे तोच बोलेल, आणि एकाच वेळी पाच जणांनी ओरडणे बंद झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला ऐकण्याची काही अडचण नाही पण बोलायला धीर होत नव्हता, आता रोज माइक मागतो.

१० नोव्हेंबर

‘समजले का?’ हा प्रश्न मी सोडून दिला आहे. ती नेहमी ‘हो’ म्हणते. वर्गासमोर ‘नाही’ म्हणायला कोणते मूल धजेल? त्याऐवजी मी तिला, आणि तिच्याबरोबर आणखी दोघांना, सूचना आपल्या शब्दांत सांगायला लावते. एकटीला विचारले तर तिला ते बोचते, तिघांत ते विरून जाते.

गटकार्य अजून जमत नाही. सहा गट एकाच वेळी बोलू लागले की माइकही हतबल होतो. तिच्या गटाला चौकात, कडुनिंबाखाली बसवते. पाऊस नसेल तोवर हे चालेल.

४ डिसेंबर

थंडी वाढली. कान झाकणारी लोकरी टोपी घातली की श्रवणयंत्र शिट्टी वाजवते, कारण बाहेर पडलेला आवाज टोपीला लागून पुन्हा माइकमध्ये शिरतो. आजींनी टोपीची विण कानाजवळ सैल करून दिली आणि शिट्टी थांबली.

सकाळच्या प्रार्थनेचे सभागृह मात्र तसेच आहे. पत्र्याचे छत, तीनशे मुले, ध्वनिक्षेपकाचे दोन कर्णे. तिथल्या सूचनांतले तिला काहीच कळत नाही, म्हणून मी त्या आदल्या दिवशी लिहून घेते आणि प्रार्थनेआधी तिला वाचायला देते. गेल्या शनिवारी सूचना ऐन वेळी बदलली आणि ती एकटीच गणवेशात आली, बाकी सगळे रंगीत कपड्यांत. सभागृहातल्या ध्वनिक्षेपकाच्या ॲम्प्लिफायरमधून तिच्या रिसीव्हरपर्यंत तार नेता येते का, हे पाहायला ध्वनिक्षेपकवाल्याला येत्या सोमवारी बोलावले आहे. ती जागा दाखवायला ती स्वतः थांबणार आहे.